खसऱ्याचा रंग आणि गावाचा नकाशा

नागपूर जिल्ह्यातील एका लहान नगरपरिषदेच्या हद्दीत सहा-सात एकर शेतजमीन हिरव्या पट्ट्यातून पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे विकास योजनेतल्या शेती विभागातून निवासी विभागात, घेण्याचा प्रस्ताव सध्या हरकतींच्या टप्प्यावर आहे आणि त्यावरून गावात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो की जमीन शेतकऱ्याची आहे, तिचे काय करायचे ते त्याला ठरवू द्या, आणि गाव वाढायचे असेल तर प्लॉट पडलेच पाहिजेत. दुसरा म्हणतो की हा सगळा बिल्डरांचा डाव आहे आणि हिरवी जमीन एक इंचही पिवळी होता कामा नये. हे गाव माझे आजोळ आहे. प्रस्तावित जमिनीलगत वाहणाऱ्या नाल्याच्या पलीकडच्या काठावर माझ्या मामांचे दोन एकर शेत आहे, आणि प्रस्ताव मंजूर झाला तर त्या दोन एकरांचा भावही चढेल, हे आधीच सांगून टाकते. तरीही मला वाटते की दोन्ही तट चुकीच्या जागी भांडत आहेत. वाढत्या गावात काही जमीन पिवळी करावीच लागणार. ती एकेका खसऱ्याच्या, म्हणजे महसुली नोंदीत स्वतंत्र क्रमांक असलेल्या जमिनीच्या तुकड्याच्या, अर्जावर करायची, की सगळ्या गावाचा नकाशा टेबलावर पसरून करायची, हा खरा वादाचा मुद्दा आहे. आणि माझे मत असे आहे की दोन विकास योजनांच्या मधल्या काळात शेतीतून निवासीत होणारे असे सुटे झोनबदल बंद झाले पाहिजेत.

हा बदल होतो कसा, याची नीट माहिती दोन्ही बाजूंच्या भाषणांत फारशी आढळली नाही, म्हणून ती थोडक्यात सांगणे भाग आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक नगरपरिषदेला आपल्या हद्दीची विकास योजना करावी लागते. त्यासाठी आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, लोकसंख्या किती वाढेल याचा अंदाज बांधला जातो, आणि त्यावरून रस्ते, शाळा, बाजार, दफनभूमी, खेळाचे मैदान आणि घरांसाठीची जमीन ठरते. प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती येतात, नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी शासन मंजुरी देते. ही योजना वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावी, असे कलम ३८ सांगते. मधल्या काळात काही दुरुस्ती लागली तर कलम ३७ आहे. योजनेचे मूळ स्वरूप बदलणार नाही असा किरकोळ फेरबदल नगरपरिषद सुचवू शकते. राजपत्रात सूचना द्यायची, एक महिन्यात हरकती मागवायच्या, बाधित व्यक्तींना ऐकून घ्यायचे आणि प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. नकाशात रस्ता चुकून विहिरीवरून काढला गेला, शासकीय रुग्णालयासाठी जागा हवी झाली, अशा वेळी हे कलम उपयोगाचे आहे आणि ते असायलाच हवे. सहा एकरांवर शंभराच्या आसपास प्लॉट पाडणे हा मात्र नकाशातल्या चुकीचा निरास नव्हे. वीस वर्षांचा विचार करून ठरवलेल्या गोष्टीच्या जागी एक महिन्यात दुसरी गोष्ट ठेवणे, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

गेल्या दशकभरात या कलमाचे वजन आणखी वाढले आहे आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. पूर्वी झोन पिवळा झाला तरी महसूल खात्याकडे अकृषक परवानगीसाठी, ज्याला आपल्याकडे सरळ एनए म्हणतात, वेगळा अर्ज करावा लागे. जिल्हाधिकारी कार्यालयात फाइल अडे, फेऱ्या होत, चिरीमिरीची शंका येई. हा त्रास खरा होता आणि तो कमी करण्यासाठी महसूल संहितेत ४२-अ, ४२-ब अशी कलमे घालण्यात आली. विकास योजनेत जमीन निवासी दाखवली असेल तर आता रूपांतर कर वगैरे भरला की वेगळ्या एनए परवानगीची गरज उरत नाही. सुधारणा चांगली आहे. पण तिचा परिणाम असा झाला की पूर्वी दोन दारे होती तिथे आता एकच उरले, आणि ते दार म्हणजे झोन. एकुलत्या दारावरची चौकशी दोन दारे असतानापेक्षा कडक असायला नको का?

त्या दारातून आत काय येते ते साध्या हिशेबाने पाहता येते. झोन बदलला की जमिनीचा भाव एकरात सांगणे थांबते आणि चौरस फुटात सांगणे सुरू होते. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा आणि साधारण तीस टक्के रस्ते धरले तरी सव्वीस हजार चौरस फूट विकायला उरतात, म्हणजे पंधराशे फुटांचे सतरा प्लॉट. माती तीच, पाऊस तोच, मालकाने एक कुदळही मारलेली नसते. बदललेला असतो फक्त नकाशावरचा रंग, आणि तो रंग गावाने आपल्या सभेत ठराव करून बदललेला असतो. तेव्हा ही वाढलेली किंमत गावाच्या निर्णयातून जन्मलेली आहे, असे म्हणण्यात काही अतिशयोक्ती नाही. मग त्या निर्णयातून निर्माण होणारा भारही, म्हणजे पाण्याची टाकी, नाली, शाळेतली वाढीव वर्गखोली, कचऱ्याची गाडी, पुढची तीस वर्षे त्याच गावाने वाहायचा असेल, तर लाभाचा हिशेब न मांडता निर्णय घेणे कोणत्या न्यायाने योग्य ठरते?

आता विरोधी बाजूचे सर्वांत जोरकस मुद्दे घेते, कारण ते खोटे नाहीत. पहिला मुद्दा शेतकऱ्याचा. गावाच्या वेशीला लागून ज्याचे शेत आहे त्याची अवस्था वाईट असते. शेजारच्या वस्तीचे सांडपाणी शेतात येते, रात्री पीक राखता येत नाही, मजूर मिळत नाही. आमच्या भागात तर संत्र्याच्या बागा वाळल्यानंतर पुन्हा बाग उभी करायला लागणारी वर्षे आणि पैसा दोन्ही अनेकांकडे उरलेले नाहीत. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, भावाभावांतली वाटणी यांसाठी तो जमीन विकू इच्छितो, आणि वीस वर्षांपूर्वी कोणीतरी नकाशावर हिरवा रंग भरला म्हणून त्याने थांबावे, असे सांगणे कठोरपणाचे आहे. सुधारित योजना वेळेवर येत नाही हा तर त्याहून मोठा अन्याय. हे सगळे मला मान्य आहे. पण प्रत्यक्षात असे प्रस्ताव येतात तेव्हा ती जमीन कोणाच्या हाती असते? माझ्या पाहण्यातल्या प्रस्तावांत शेतकऱ्याने आधीच इसार घेतलेला असतो, आममुखत्यारपत्र लिहून दिलेले असते, आणि त्याला मिळालेला भाव हिरव्या पट्ट्याचा असतो. पिवळा रंग त्याने जमीन सोडल्यानंतर चढतो. शेतकऱ्याच्या नावाने मागितलेला बदल शेतकऱ्याला काहीच देत नसेल, तर त्याच्या हक्काचा दाखला त्या बदलासाठी कसा चालेल? उलट, एकत्र येऊन आणि एकत्रित नकाशावर झोनबदल झाला तर शेतकऱ्याचे किती भले होऊ शकते, याचे उदाहरण पुण्याजवळ हडपसरच्या मगरपट्ट्यात आहे. तिथे शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र केली, सगळ्यांच्या वतीने एकच आराखडा मांडला आणि कंपनीत ते स्वतः भागधारक झाले. लहान गावात चारशे एकर जमणार नाहीत, ती बाजारपेठही नाही, हे खरे; पण वीस एकर जमू शकतात, आणि त्या वीस एकरांत मोकळी जागा एका ठिकाणी, रस्ता सलग आणि नाला त्याच्या जागेवर राहू शकतो.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे आणि नागपूरच्या माणसाने तो टाळता कामा नये. कायदेशीर वाट बंद केली तर बेकायदा वाट खुलते, असे प्रस्तावाचे समर्थक म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना लांब जावे लागत नाही. आपल्या शहरातले ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे शब्दच पुरावा आहेत. मंजुरीशिवाय पडलेल्या, गृहनिर्माण संस्थांच्या नावाने विकल्या गेलेल्या त्या प्लॉटांवर हजारो सामान्य माणसांनी घरे बांधली, आणि मग ‘आरएल आहे का?’, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र आहे का, हा प्रश्न नागपुरातल्या प्रत्येक प्लॉट-खरेदीत विचारला जाऊ लागला. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, १ जानेवारी २००१ ही मर्यादा ठरली, आणि वीस वर्षांनी ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकवावी लागली. पुरेशी निवासी जमीन वेळेत उपलब्ध करून दिली नाही तर असेच होते, हा या इतिहासाचा अर्धा धडा मी स्वीकारते. उरलेला अर्धा मात्र समर्थक सांगत नाहीत. त्या वस्त्यांत रस्ते अरुंद राहिले, गटारे उशिरा आली, मैदाने राहिलीच नाहीत, याचे कारण केवळ मंजुरीचा अभाव हे नव्हते. प्रत्येकाने आपापल्या खसऱ्यापुरता विचार केला आणि एका लेआउटचा रस्ता दुसऱ्याच्या कुंपणाला जाऊन थांबला. सुट्या झोनबदलात नेमके तेच घडते, फक्त या वेळी कागदावर शिक्का असतो. कळमना किंवा नारी भागात नऊ मीटरचा रस्ता अचानक साडेचार मीटरचा होतो तिथे उभे राहून पाहावे. मंजूर आणि नामंजूर लेआउटमधला फरक त्या रस्त्यावर चालणाऱ्याला कळत नाही.

तिसरा मुद्दा प्रक्रियेचा: सूचना प्रसिद्ध झाली, महिन्याची मुदत दिली, ज्यांना बोलायचे त्यांनी बोलावे. कायद्याने हे अगदी बिनचूक असते. पण ती सूचना कशी असते ते वाचावे. मौजा अमुक, प.ह.नं. अमुक, खसरा क्रमांक अमुक, आराजी इतके हेक्टर इतके आर, ‘शेती विभागातून वगळून निवासी विभागात समाविष्ट करणे’. नकाशा कार्यालयात ‘पाहण्यासाठी उपलब्ध’ असतो, आणि कार्यालयाची वेळ हीच मजुरीची वेळ. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सुनावणीला मी बसले होते. गावातल्या तीन माणसांच्या हरकती होत्या. त्यांतल्या दोघांना ती जमीन नेमकी कोणती, हे तिथे गेल्यावर कळले. कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते असे कलम ३७ म्हणते, पण ऐकून घेण्याचे बंधन ‘बाधित’ व्यक्तींपुरते आहे, आणि बाधित म्हणजे खसऱ्याचा मालक व फार तर लगतचे शेजारी, असा संकुचित अर्थ व्यवहारात लावला जातो. खालच्या अंगाच्या वस्तीत ज्याच्या घरात पाणी शिरणार तो बाधित नाही काय? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात, उद्यानासाठी ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय रद्द करताना, परिसरातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे हे मान्य केले होते. पुण्यात एरंडवण्यातल्या प्राथमिक शाळेसाठी राखीव भूखंडावरचे आरक्षण कलम ३७ ची प्रक्रिया डावलून हलवले गेले आणि तिथे खासगी इमारत उभी राहिली, ते प्रकरणही २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बेकायदा ठरले. पण ते पुणे होते, तिथे वर्षानुवर्षे खटला लढवणारे नागरिक होते, आणि तरीही निकालापर्यंत इमारत केव्हाच उभी होती. पंचवीस-तीस हजार वस्तीच्या गावात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाण्याची ताकद कोणाकडे असते?

इथे लहान गावांची एक जुनी कुचंबणा आहे. खेड्याला ग्रामसभा आहे. पन्नास घरांच्या वस्तीतही बाई उठून सरपंचाला प्रश्न विचारू शकते. महानगरांसाठी ७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या ठिकाणी प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. मधल्या गावांना, म्हणजे काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक यांसारख्या नगरपरिषदांना, व्यवहारात यातले काहीच लाभत नाही. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली त्या दिवशी माणसे नागरिक म्हणून वर गेली असे आपण मानतो, पण त्याच दिवशी त्यांची ग्रामसभा गेली. त्यात कित्येक नगरपरिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या, तेव्हा ठराव करणारी सभाही एका अधिकाऱ्याच्या सहीत सामावली. अशा ठिकाणी ‘हरकती आल्या नाहीत’ याचा अर्थ ‘लोकांची संमती आहे’ असा काढणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

‘एक इंचही नको’ म्हणणाऱ्या दुसऱ्या तटाशी माझा वाद थोडक्यात आटोपतो. त्यांतले बहुतेकजण स्वतः कधीतरी पिवळ्या झालेल्या जमिनीवरच राहतात, आणि गावात भाड्याच्या दोन खोल्यांत चार माणसांचा संसार करणाऱ्या शिक्षकाला किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराला घर कुठे मिळेल, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. हिरवा रंगही काही पवित्र नाही. अनेकदा नकाशावर जे हिरवे दिसते ते कोणीच न पाहिलेले, न मोजलेले, उरलेले असते.

जमिनीच्या नोंदीतला एक शब्द पुढच्या पिढ्यांचे काय करू शकतो, हे विदर्भाला कोणी शिकवायला नको. मालगुजारीच्या काळात जमीन मालगुजाराच्या, म्हणजे गावाचा सारा सरकारला भरणाऱ्या जमीनदाराच्या, नावे असली तरी गावाचे चराईचे, सरपणाचे, पाण्याचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ मध्ये लिहिलेले असत. पुढे अशाच सामायिक वापराच्या हक्कांची नोंद करणारे निस्तार पत्रक आले, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आजही या दोन्हींसाठी कलमे आहेत. मालगुजारी व्यवस्था अन्यायाची होती आणि ती गेली ते योग्यच झाले, परंतु खासगी मालकीच्या आत गावाचाही एक वाटा असतो आणि तो लिहून ठेवावा लागतो, ही समज त्या कागदांत होती. झुडपी जंगलाचे उदाहरण उलट्या बाजूचे आहे. चराऊ, खुरट्या झुडपांच्या जमिनीला महसुली नोंदीत तो शब्द लागला, तिच्यावर शाळा झाल्या, घरे झाली, कार्यालये झाली, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच आहेत असा निर्णय देईपर्यंत कित्येक वस्त्या अधांतरी राहिल्या. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीची गोष्टही अशाच काही शब्दांची आहे. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचा मोठा वाटा महापालिकेला आणि परवडणाऱ्या घरांना मिळणार होता. २००१ मध्ये वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती केली गेली, २००६ मध्ये न्यायालयाने तो बदल उचलून धरला, आणि गिरणगावाला मिळू शकली असती त्यातली बरीच मोकळी जागा कायमची गेली. तो बदल झाला तेव्हा किती गिरणी कामगारांना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला असेल? नियमाची भाषा बदलते तेव्हा आवाज होत नाही, आणि म्हणूनच ती बदलण्याआधी मोठ्याने वाचली गेली पाहिजे.

आणि पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि नागपुरातल्या ज्या वसाहतींना सगळ्यांत सुस्थित मानले जाते त्यांच्या तळमजल्यांत पाणी छातीपर्यंत चढले. त्या पुराला एकच कारण नव्हते. पण नदीच्या आणि नाल्याच्या काठी दशकानुदशके जे थोडेथोडे बांधले गेले, त्यातले प्रत्येक बांधकाम सुटे पाहिले तर निरुपद्रवी वाटले असते. सहा एकरांचा प्रस्ताव सुटा पाहिला तर तसाच वाटतो. आमच्या गावातल्या त्या नाल्याच्या दोन्ही काठांवर गेल्या काही वर्षांत असे आणखी तीन बदल झाले आहेत, आणि चौघांचे मिळून पाणी कुठे जाईल हे कोणत्याही एका फाइलमध्ये लिहिलेले नाही, कारण प्रत्येक फाइल आपल्या खसऱ्याच्या चतुःसीमेवर संपते. सुट्या बदलाला माझा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी.

पर्याय नवा शोधावा लागत नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आपल्याकडे नगररचना परियोजनेची पद्धत आहे आणि १९६६ च्या अधिनियमातही ती उपलब्ध आहे: लगतच्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते, नाला, मैदान, शाळा यांची जागा आधी काढायची, उरलेल्या जमिनीचे आखीव भूखंड ज्याच्या-त्याच्या प्रमाणात परत द्यायचे, आणि वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत अंशदान घेऊन सुविधा उभ्या करायच्या. यात शेतकरी मालक राहतो, वाढलेला भाव त्याच्या हाती लागतो आणि गावालाही आपला वाटा मिळतो. हे काम वेळखाऊ आहे, लहान नगरपरिषदेकडे रचना सहायक एखादाच असतो, मालकांची भांडणे असतात, हे सगळे खरे; म्हणूनच नगररचना विभागाच्या नागपूरच्या सहायक संचालकांच्या कार्यालयाने चार-पाच गावांसाठी मिळून माणसे द्यावीत, अशी मागणी नगराध्यक्षांनी आणि नगरसेवकांनी लावून धरली पाहिजे. मंजुरीसाठी मंत्रालयात जितके हेलपाटे घातले जातात त्याच्या निम्मे हेलपाटेही याला पुरे होतील.

तोवर, या प्रस्तावापुरती, मी माझी हरकत लेखी दिली आहे. तिच्यात तीन मागण्या आहेत. विकास योजना मंजूर झाल्यापासून झालेले सगळे झोनबदल एकाच नकाशावर, नाल्याच्या पूररेषेसह, दाखवून तो नकाशा आठवडी बाजारात आणि रेशन दुकानांवर लावावा. प्रस्तावित खसऱ्यांवर आज कोणाचे नोंदणीकृत इसारपत्र किंवा आममुखत्यारपत्र आहे, ते सुनावणीत वाचून दाखवावे. आणि नाल्याच्या खालच्या अंगाच्या दोन्ही वस्त्यांतल्या घरमालकांना व भाडेकरूंना बाधित समजून त्यांच्या नावे सूचना काढाव्यात. मामांना हरकतीची प्रत दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बाई, आपल्या वावराचा भाव पडंल यानं." पडेल, मी म्हटले. त्यांनी प्रत घडी करून सात-बाराच्या पिशवीत ठेवली आणि सुनावणीची तारीख विचारली.